लेक गणपतीला येत नाही म्हणते

चिपळूणच्या एका आईचं पत्र आहे. थोडं आटोपशीर करून देते:

"मुलीला यंदा पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. आम्ही दोघं तिला हॉस्टेलवर सोडायला गेलो. खोली मीच लावून दिली. गादी आणली, चादर घातली, कपाटात कागद अंथरून कपडे ठेवले, आंबापोळी आणि कुळथाच्या पिठाचा डबा वरच्या कप्प्यात. निघताना रूममेट मुलींना म्हटलं, ही जरा घाबरट आहे, काळोखात एकटी झोपत नाही, लक्ष ठेवा गं. तर लेक सगळ्यांसमोर म्हणाली, 'आई, तू निघ आता.' कुंभार्ली घाट उतरेपर्यंत मी रडत होते. आता फोनवर 'हो, नाही, जेवले' एवढंच. तिकडे अभ्यास काही नाही, नुसतं ओरिएंटेशन चाललंय. रेक्टर मॅडमना मी एक दिवसाआड फोन करायची, हल्ली त्या उचलत नाहीत. परवा लेक म्हणाली, गणपतीला येणार नाही, नाटकाच्या ग्रुपने बॅकस्टेजला घेतलंय. आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती असतो. मिस्टर म्हणतात, मुलगी हातातून गेली. जाऊन तिला घेऊन येऊ का?"

ताई,

घेऊन यायला जाऊ नका. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर बाकीचं उत्तर वाचेपर्यंत तुम्ही एसटीत बसलेल्या असाल.

चादर, कपाट, डबा यांबद्दल तुम्ही सविस्तर लिहिलंत आणि रूममेट मुलींशी काय बोललात ते एका वाक्यात उरकलंत. मला वाटतं, जे बिनसलं ते त्याच वाक्यात. खोली लावून दिल्याचा राग मुलींना फार तर संध्याकाळपर्यंत येतो. दुसऱ्या दिवशी टॉवेल कुठे ठेवलाय ते विचारायला फोन येतोच. पण त्या खोलीत तुमच्या मुलीला कुणीच ओळखत नव्हतं. बारावीपर्यंत ती चिपळुणात अमक्यांची मुलगी, तमक्यांची भाची होती. आपण कोण, हे स्वतःच्या तोंडाने सांगायची तिची पहिलीच वेळ. तिने तोंड उघडायच्या आत तुम्ही सांगून टाकलंत की ही घाबरट आहे. तेही ज्यांच्यासोबत अख्खं वर्ष एका खोलीत काढायचं, त्या मुलींना.

तिचं बोलणं उद्धट होतं, त्यात वाद नाही. तरी त्या क्षणी तिला दुसरं काय सुचणार होतं?

आता तुमचं 'नुसतं ओरिएंटेशन'. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने, म्हणजे एआयसीटीईने, 2017 साली इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षासाठी तीन आठवड्यांचा इंडक्शन कार्यक्रम आखून दिला. दोन वर्षं सीईटी आणि जेईईच्या क्लासमध्ये चार पर्यायांपैकी एक गोल काळा करत बसलेली मुलं थेट वर्गात आणून बसवली की ती नुसती भांबावतात, हे त्यामागचं कारण. म्हणून सकाळी खेळ किंवा योगासनं, मग चित्रकला, संगीत, नाटक असलं काही, आसपासच्या परिसराला भेटी, आपल्या शाखेची ओळख आणि मूल्यांवर गटात गप्पा. पुढे 2019 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, बाकीच्या कॉलेजांसाठी 'दीक्षारंभ' नावाने असाच आराखडा काढला. सगळीकडे तो नीट होतो असं म्हणणार नाही. काही ठिकाणी तीन आठवड्यांचे तीन दिवस होतात आणि तेही सभागृहात भाषणं ऐकण्यात जातात. तुमच्या लेकीला मात्र तिथे नाटकाचा ग्रुप सापडला. याचसाठी तर ते दिवस राखून ठेवलेले असतात!

याच आराखड्यात आणखी एक गोष्ट आहे आणि ती तुमच्या कामाची आहे. साधारण वीस मुलांच्या गटाला एक प्राध्यापक मेंटॉर द्यावा, असं त्यात म्हटलंय. लेकीला सहज विचारा, तुझे मेंटॉर सर की मॅडम, नाव काय. नंबर मागू नका, नाव लिहून ठेवा. रेक्टरबाईंना फोन करणं आजपासून बंद. त्यांच्याकडे शेकडो मुली, मेसच्या तक्रारी, बंद पडलेला गिझर आणि उशिरा येणाऱ्या मुलींच्या पालकांचे फोन. शिवाय तुम्ही एक दिवसाआड फोन करता हे खाली ऑफिसात कळतं, आणि ऑफिसात कळलेलं मजल्यावर कळायला वेळ लागत नाही.

नाटकाचं मला जरा जास्त सांगावंसं वाटतं. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था 1963 पासून पुरुषोत्तम करंडक घेते, कॉलेजांमधली एकांकिका स्पर्धा. पावसाळ्यात पुण्यातल्या कॉलेजांमध्ये तालमींना ऊत येतो तो तिच्यामुळे. तुमच्या लेकीचा ग्रुप त्यासाठी धावतोय की कॉलेजातल्याच कार्यक्रमासाठी, हे पत्रावरून कळत नाही. पण नव्या मुलांना पहिल्याच वर्षी भूमिका क्वचित मिळते. त्यांच्या वाट्याला बॅकस्टेज येतं. प्रॉपर्टी, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तू, सांभाळा, चहा आणा, प्रॉम्प्टिंग करा, आणि दोन प्रवेशांच्या मधे दिवे गेले की आवाज न करता टेबल-खुर्च्या हलवा. म्हणजे काळोखात एकटी झोपत नाही म्हणून तुम्ही जिची ओळख करून दिलीत, ती मुलगी सध्या मिट्ट काळोखात सेट हलवायला शिकतेय. हे तिने तुम्हाला अजून सांगितलेलं नाही, कारण तुम्ही फोनवर 'जेवलीस का' एवढंच विचारता, आणि त्या प्रश्नाला 'जेवले' याखेरीज उत्तर नसतं. नाटक कशाबद्दल आहे ते विचारा. तिचं काम कुठल्या प्रवेशात येतं ते विचारा. मग बघा फोन किती वेळ चालतो.

मात्र एका बाबतीत तुमची काळजी रास्त आहे. कमी बोलणाऱ्या सगळ्याच मुली नाटकात रमलेल्या नसतात. रात्री ठरावीक वेळी फोन बंद लागणं, कारण न सांगता पुन्हा पुन्हा पैसे मागणं, मेसला जायचं टाळणं, दर शनिवारी घरी यायचा हट्ट, 'सीनियरना इंट्रो द्यावा लागतो' असं अर्धवट बोलून विषय बदलणं, यातलं काही दिसलं तर मी वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा. तिचं ऐकून घ्या आणि 'आमच्या वेळीही असं चालायचं' हे वाक्य घरात कुणालाही बोलू देऊ नका. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा 1999 पासून आहे, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. यूजीसीच्या 2009 च्या नियमांनुसार प्रत्येक कॉलेजात रॅगिंगविरोधी समिती हवीच, आणि नव्या मुलांची राहण्याची सोय शक्यतो सीनियर मुलांपासून वेगळी हवी. प्रवेशाच्या वेळी रॅगिंगविरोधी हमीपत्र मुलांसोबत पालकांकडूनही घेतात. त्या गठ्ठ्यात तुमचीही सही असेल, न वाचता केलेली. राष्ट्रीय हेल्पलाइन 1800-180-5522, चोवीस तास चालू, आणि तक्रार पालकही करू शकतात. नंबर फ्रिजवर चिकटवू नका, लेक आल्यावर भडकेल. फोनमध्ये ठेवा.

तुमच्या पत्रात मला यातलं काही दिसलं नाही. जी मुलगी तालमीपायी गणपती चुकवायला निघालीय, तिला तिथे कुणीतरी आपलंसं केलंय.

राहता राहिला गणपती. कोकणातल्या घरात हे वाक्य ऐकायला किती जड जातं, मला ठाऊक आहे. मुंबईहून चाकरमानी उभ्याने प्रवास करून येतो आणि आपली लेक पुण्याहून येत नाही, म्हणजे शेजारी विचारणारच. शेजाऱ्यांना काय सांगायचं हा तुमचा प्रश्न आहे, तो तिच्या गळ्यात घालू नका. 'लोक काय म्हणतील' म्हणालात की संपलं, ती दिवाळीलाही काहीतरी कारण काढेल.

पण पूर्ण सोडूनही देऊ नका. पाच दिवसांत 'येते' आणि 'येत नाही' यांच्यामधे बरीच जागा आहे. पुण्यात तरी गणपतीत सगळ्या तालमी रोज थोड्याच होतात? तिला एवढंच म्हणा की पाचांपैकी कुठले दोन दिवस जमतील ते तू सांग, गौरीजेवणाला आलीस तर मला आवडेल. नंतर दोन दिवस त्यावर काही बोलू नका. हे तुम्हाला अवघड जाईल, पण जमवा. आणि तिचं उत्तर खरोखरच 'नाही' आलं, तर यंदा व्हिडिओ कॉलवर आरती. मिस्टरांनी त्या वेळी तोंड फिरवून बसायचं नाही, हे त्यांना आधीच बजावून ठेवा. मुलगी हातातून गेली म्हणतात ते. जायलाच तर तिला पाठवलंत ना, सीईटीचे क्लास लावून?

त्या दिवसाबद्दल मात्र तिच्याशी एकदा बोला. मेसेज करा, फोनवर नको, फोनवर तुम्ही रडाल. फार नाही, इतकंच: 'तुझ्या मैत्रिणींसमोर मी तुला घाबरट म्हणायला नको होतं. चुकलं माझं.' खाली 'पण तूही' असं काही जोडू नका. हात जोडलेले इमोजी पण नकोत. लगेच उत्तर येईल असं समजू नका, बहुतेक नुसता अंगठा येईल. तो चालवून घ्या.

आणि ती यायचं म्हणालीच, तर स्वारगेटहून गाडीचं आरक्षण तिचं तिला करू द्या. त्या आठवड्यात कोकणच्या गाड्या कशा भरतात हे तुम्ही तिला एकदा सांगा, दुसऱ्यांदा नको. जागा मिळाली नाही तर ती काहीतरी वाट काढेल किंवा चिडून तुम्हाला फोन करेल. चिपळूण स्टँडवर न्यायला मिस्टरांना एकट्यांना पाठवा. तुम्ही घरी थांबा, मोदकांची उकड काढायची असेलच.