इमेज गेली, पण अर्धीच!

प्रश्न: प्रोजेक्टच्या डॉकर इमेज (अ‍ॅप चालवायला लागणारं सगळं एकत्र बांधलेली पॅकेजेस) नव्या रजिस्ट्री (इमेज साठवायची ऑनलाइन जागा) अकाउंटवर न्यायच्यात, लॅपटॉपवर पुल (डाउनलोड) करून टॅग (इमेजचं नाव-लेबल) बदलून पुश (अपलोड) केल्या तर सर्व्हरवर 'एक्झेक फॉरमॅट एरर' येतोय, काय चुकलं? – एक वाचक, बाणेर, पुणे

उत्तर: अहो, लॅपटॉप एआरएम प्रोसेसरवाला दिसतोय आणि सर्व्हर एएमडी६४ प्रोसेसरवाला! डॉकर पुल एरवी फक्त आपल्या मशीनच्या आर्किटेक्चरची (प्रोसेसरच्या प्रकाराची) इमेज आणतं, तीच वर गेली, एएमडी६४वाली मागेच राहिली. स्कोपिओ (skopeo) या इमेज कॉपी करायच्या टूलच्या कॉपी कमांडला 'ऑल' (--all) फ्लॅग द्या, सगळी आर्किटेक्चर या रजिस्ट्रीतून त्या रजिस्ट्रीत जातात. आणि हो, कुबरनेटिसमधलं (अनेक मशीनवर अ‍ॅप चालवणारी सिस्टीम) पुल सीक्रेट, म्हणजे रजिस्ट्रीचं लॉगिन, बदला, नाहीतर जुन्या नोडवर (मशीनवर) इमेज आधीच पडलेली असते म्हणून चार दिवस सगळं मस्त चालतं आणि नवा नोड आला की त्याला इमेज मिळत नाही आणि रात्री दोनला फोन. जुनं अकाउंट लगेच बंद करू नका.