एवढं शिकून शेवटी गल्लीतलीच डॉक्टर?

भांडुपहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी पालिकेच्या मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस झाली, सध्या इंटर्नशिप चालू आहे. नीट-पीजी, म्हणजे एमबीबीएसनंतरची प्रवेश परीक्षा, देऊन फॅमिली मेडिसिन (घरातल्या सगळ्यांच्या नेहमीच्या डॉक्टरचं शिक्षण) घेणार म्हणते. वडील बेस्टमध्ये आहेत. ते म्हणतात, "दवाखाना नुसत्या एमबीबीएसवरही टाकता येतो. शेवटी गल्लीतलीच डॉक्टर व्हायचं, तर आणखी तीन वर्षं कशाला?" आईंचा स्वतःचा प्रश्न वेगळाच आहे: कम्युनिटी मेडिसिन म्हणतात ते हेच का?

ताई, तुमचा प्रश्न आधी घेते, कारण या नावांच्या गोंधळात प्रवेशासाठी विषयांचे चॉइस भरताना घोळ घातलेली मुलं मी पाहिली आहेत. हे ते नव्हे. कम्युनिटी मेडिसिन म्हणजे पोरं ज्याला पीएसएम (प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन) म्हणतात तो विषय. साथ कुठून पसरली, लसीकरणातून कोणती वस्ती सुटली, तिथलं पाणी कसं आहे, हे त्यात येतं. त्यात एमडी केलेले बहुतेक जण कॉलेजात शिकवतात, नाहीतर सरकारी कार्यक्रमांत आणि संशोधनात जातात. फॅमिली मेडिसिनवाल्यासमोर आज सून बसलेली असते आणि उद्या तिची सासू येणार असते.

आता बाबांचं म्हणणं. कायद्याने ते बरोबर आहेत. इंटर्नशिप संपली, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी हातात आली की पाटी लावता येते. पण एमबीबीएसची मुलं शिकतात कुठे? मोठ्या हॉस्पिटलच्या वॉर्डात, तेही त्या त्या विषयाच्या तज्ज्ञांकडून. तिथे पोचणारा पेशंट आधीच दोन-तीन ठिकाणी फिरून, रिपोर्टची पिशवी घेऊन आलेला असतो. गल्लीत येणारा म्हणतो, "डॉक्टर, जरा कणकण वाटतेय." पिशवी नाही, आजाराला नाव नाही. बऱ्याच कॉलेजांत फॅमिली मेडिसिनचा विभागच नसतो, तेव्हा ही कणकण ओळखायला शिकवणार कोण?

मागे परळच्या एका दवाखान्यात मी संध्याकाळभर बसले होते. दहा बाय बाराची खोली, मधे पडदा, बाहेर बाकावर नंबर लावून बसलेली माणसं. एक गृहस्थ खोकल्याचं औषध मागायला आले. डॉक्टर औषध लिहिता लिहिता थांबले आणि म्हणाले, "पट्ट्याला नवीन भोक पाडलंत वाटतं?" गृहस्थ हसले. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी थुंकीच्या तपासणीची चिठ्ठी लिहून दिली. टीबीच निघाला, हे त्यांनी मला नंतर फोनवर सांगितलं. टीबीच्या पेशंटची सरकारकडे नोंद करणं २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे. निक्षय या टीबीच्या सरकारी पोर्टलवरची ती नोंद त्यांनी मोबाइलवरूनच केली, दोन पेशंटच्या मधल्या वेळात. ही नजर काही डॉक्टर वीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये कमावतात. फॅमिली मेडिसिनचा अभ्यासक्रम ती पद्धतशीर शिकवायचा प्रयत्न करतो.

वाट अशी. नीट-पीजीतून डीएनबी फॅमिली मेडिसिन तीन वर्षांचं; डीएनबी म्हणजे राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदव्युत्तर पदवी. त्याच मंडळाचा दोन वर्षांचा डिप्लोमाही आहे. एमडी मोजक्या ठिकाणी होतं, उदाहरणार्थ कालिकतच्या सरकारी कॉलेजात. डीएनबीत मेडिसिन, सर्जरी, बालरोग, स्त्रीरोग, इमर्जन्सी असं फिरावं लागतं, शिवाय थिसिस. खरी गोम या फिरण्यात आहे. काही हॉस्पिटलांत फॅमिली मेडिसिनचा रेसिडेंट (तिथेच काम करत शिकणारा डॉक्टर) म्हणजे जिथे माणूस कमी तिथे पाठवायचा गडी. १९९२ च्या केंद्रीय नियमात आठवड्याला ४८ तास लिहिलेत, पण वॉर्डात ते कोणी मोजत बसत नाही. म्हणून सीट घेण्याआधी तिने तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला कँटीनमध्ये गाठून तीन गोष्टी विचाराव्यात: स्टायपेंड वेळेवर येतो का, ओपीडीत स्वतः पेशंट बघायला मिळतात का, आणि शिकवणाऱ्यांत फॅमिली मेडिसिनचा माणूस कोण आहे.

पैशाचं खरं सांगते. पाटीवर डीएनबी लिहिलं म्हणून भांडुपच्या चाळीत कोणी जास्त फी देणार नाही. स्वतःच्या दवाखान्यात डिपॉझिट आणि भाड्याने सुरुवातीची वर्षं ओढाताणीची जातात. सकाळ-संध्याकाळ दोन पाळ्या, आणि गावाला गेलं की धंदा बंद. पेशंट म्हणतात, "सलाईन लावा, लगेच तरतरी येते." नाही म्हटलं की समोरच्या दवाखान्यात जातात. लॅबवाले पेशंट पाठवण्याचा कट, म्हणजे कमिशन, घेऊन येतात. हे सगळं एकट्याने रोज झेलायचं असतं, आणि मला विचाराल तर कमी कमाईपेक्षा हा एकटेपणाच जास्त दमवतो. पालिकेच्या दवाखान्यात किंवा हेल्थ पोस्टला (पालिकेचं वस्तीतलं छोटं आरोग्य केंद्र) पगार ठरलेला, सोबत सिस्टर आणि आरोग्य सेविका असतात. पण बऱ्याच जागा कराराच्या, गर्दी अफाट आणि रजिस्टरं तर विचारूच नका. पावसात पाणी तुंबलं की त्यातून चालत आलेल्यांना लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, तुंबलेल्या पाण्यातून होणारा ताप) प्रतिबंधक गोळी ७२ तासांच्या आत मिळायला हवी. त्या आठवड्यात जेवायची सुट्टी विसरायची.

माझं मत: तिने फॅमिली मेडिसिन जरूर घ्यावं, पण बाँडचं वर्ष आधी उरकून. पालिकेच्या कॉलेजातून झाली म्हणजे एक वर्षाची सरकारी सेवा आहेच. पोस्टिंग निवडायची संधी मिळाली तर मोठं हॉस्पिटल सोडून हेल्थ पोस्ट किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र घ्यावं. बारा महिन्यांत तिला कळेल की हे आपल्याला आवडतं, की दुसऱ्या विषयांचा कटऑफ चुकेल या भीतीने आपण तसं म्हणतोय. दुसरं कारण असेल तर घरी स्पष्ट सांगावं, त्यात लाज नाही.

आणि बाबांची ड्यूटी लवकर सुटते त्या एखाद्या संध्याकाळी त्यांना तुमच्याच नेहमीच्या डॉक्टरांकडे पाठवा, औषधाला नव्हे, बोलायला. शेवटचा नंबर गेल्यावर, साडेनऊनंतर. एवढी वर्षं ते फक्त पडद्याच्या या बाजूला बसले आहेत.