बेरीज का जमत नाही?

प्रश्न : माझी मुलगी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते. ती म्हणते, बीजांडकोश काढलेल्या उंदराच्या मादीला इस्ट्रोजेन हे हार्मोन दिलं की गर्भाशय वाढतं, प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनने एकट्याने फारसं काही होत नाही. दोन्ही मिळून दिली तर मात्र काय होईल, ते ‘कोणतं आधी दिलं त्यावर’ ठरतं. औषध तेच, मापही तेच, मग आधी-नंतरचा प्रश्न येतो कुठे?
— एक यंत्रमागवाले, सोलापूर

उत्तर : काका, मुलीचं बरोबर आहे. प्रोजेस्टेरॉनला काम करायचं तर पेशीत त्याचे रिसेप्टर, म्हणजे हार्मोन ओळखून पकडणारे रेणू, हवेत, आणि गर्भाशयात ते पुरेसे तयार होतात इस्ट्रोजेनमुळे. बिमावर उभ्या धाग्यांचा ताणाच चढवला नाही तर धोटा कितीही पळवा, चादर निघेल का? मात्र ही उपमा इथेच सोडते. मागावर आडवा बाणा काही ताण्याचे धागे कमी करत नाही. प्रोजेस्टेरॉन मात्र इस्ट्रोजेनचे रिसेप्टर कमी करतं. मग दोघांच्या परिणामांची बेरीज जमणार कशी?

उंदराचं गर्भाशय म्हणजे दोन नळ्या, आम्ही त्यांना शिंगं म्हणतो. बीजांडकोश काढल्यावर ती बारीक होतात. इस्ट्रोजेन टोचलं की काही तासांत त्यांत पाणी भरतं. पेशी वाढतात त्या नंतर. म्हणून वजन कधी आणि कसं घेतलं, याला फार महत्त्व. एम.एस्सी.ला असताना मे महिन्यात मी अशीच वजनं घेत होते. ताजव्याचं पारडं हलू नये म्हणून पंखा बंद, आणि बशीवर झाकण ठेवायचं राहिलं. दोन्ही हार्मोन दिलेल्या गटाची पाळी शेवटी आली. वजनं कमी भरली. प्रोजेस्टेरॉनने इस्ट्रोजेनला हरवलं, असं वहीत ठळक लिहिलं मी! हरवलं होतं सोलापूरच्या उन्हाने.

क्रमाचा खरा खेळ गर्भ रुजण्यात दिसतो. मादीला निदान दोन दिवस प्रोजेस्टेरॉन मिळावं लागतं, मग अगदी थोडं इस्ट्रोजेन. त्यानंतर काही तासच गर्भाशय गर्भाला जागा देतं. गर्भ नसला तरी अशा तयार झालेल्या एका शिंगात सुईने ओरखडा काढा किंवा तेलाचा थेंब सोडा, तिथलं अस्तर गर्भ आल्यासारखं फुगतं. दुसरं शिंग तसंच राहतं, म्हणजे तुलना त्याच प्राण्यात मिळते. मला आजही हा प्रयोग सगळ्यांत देखणा वाटतो. ओरखड्याची ही गंमत लिओ लोएब या शास्त्रज्ञांनी १९०७-०८ च्या सुमारास गिनीपिगमध्ये दाखवली होती.

कॉर्टिसोनच्या जातीचे स्टिरॉइडही इस्ट्रोजेनने होणारी वाढ दाबतात. प्राण्यांना नीट न हाताळता घाबरवलं, तर त्यांच्या शरीरातही अशी स्टिरॉइड वाढतात. प्रयोगात हे विसरून चालत नाही.

हे सगळं घरातल्या बाईमाणसाला जसंच्या तसं लावू नका. बाईच्या गर्भाशयाचं अस्तर गर्भाची वाट न पाहता दर महिन्याला तयारीला लागतं. उंदराला गर्भ तरी लागतो, नाहीतर ओरखडा. एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी आहे : नुसत्या इस्ट्रोजेनने अस्तर वाढत जातं. पाळी गेल्यावर ज्या बाईचं गर्भाशय शाबूत आहे तिला इस्ट्रोजेन द्यायचं झालं, तर डॉक्टर सोबत प्रोजेस्टेरॉनसारखं औषध देतात ते त्याला आवर घालायला.

मुलीला एवढं विचारा : वजनाआधी शिंगांतलं पाणी टिपून काढलं होतं का? आणि बशीवर झाकण होतं ना?