1976 च्या फुजी शर्यतीत निकी लाउडा घाबरून थांबला होता का?

तुम्ही विचारलंय की फॉर्म्युला वन गाड्यांच्या 1976 च्या मोसमातल्या शेवटच्या शर्यतीत, जपानच्या फुजी ट्रॅकवर, फेरारीचा ड्रायव्हर लाउडाने दोन फेऱ्यांतच शर्यत सोडून गाडी आत आणली आणि एका गुणाने विश्वविजेतेपद त्याचा प्रतिस्पर्धी जेम्स हंटला गेलं, तर लाउडाला भित्रा म्हणायचं का.

भीती होती, आणि ती त्याने लपवली नाही. पण भित्रा हा शब्द मला सहन होत नाही, म्हणून लिहायला बसलोय.

मी गोव्यातल्या साखळीचा. गेली बारा वर्षं बेळगावहून भाजीची पिकअप चोर्ला घाटातून खाली आणतो. जुलैत पहाटे तीनला घाटात धुकं आणि पाऊस एकत्र आले की वळणावर पाणी रस्त्याला आडवं वाहतं. त्यावर चाक चढलं की स्टेअरिंग हातात एकदम हलकं पडतं. फिरवलं तरी गाडी सरळच जाते, कारण टायर रस्त्याला टेकलेलाच नसतो, पाण्यावर तरंगत असतो. हे माझ्या चाळीसच्या वेगाला. फुजीच्या लांबलचक सरळ पट्ट्यावर ती मंडळी याच्या कितीतरी पट वेगात, आणि पुढच्या गाडीच्या उघड्या चाकांनी उडवलेलं पाणी थेट हेल्मेटवर. 24 ऑक्टोबरचा तो दिवस असा होता की पाऊस-धुक्यामुळे शर्यत सुरूच उशिरा केली.

त्यात लाउडाचे डोळे. 1 ऑगस्टला जर्मनीत न्युर्बुर्गरिंगवर त्याची फेरारी बांधावर आदळून पेटली होती. मर्झारिओ आणि आणखी तीन ड्रायव्हरांनी स्वतःच्या गाड्या सोडून त्याला आगीतून ओढून काढलं. फुप्फुसांत विषारी धूर गेलेला. इस्पितळात पाद्री येऊन शेवटची प्रार्थनासुद्धा म्हणून गेला. आणि हा माणूस 12 सप्टेंबरला इटलीत मोंझाच्या शर्यतीत परत गाडीत बसला, डोक्याच्या जखमा ओल्या असताना चौथा आला! पापण्या मात्र भाजलेल्या, नीट मिटत नव्हत्या. पावसात पापणी मिटत नसेल तर ती वायपर नसलेली काच झाली. अशा माणसाला कुणी भित्रा म्हटलं की माझा संताप होतो.

आता गुणांचं. फुजीला येताना लाउडाचे 68, हंटचे 65. हंट तिसरा आला, चार गुण मिळाले, 69. लाउडाला पाचवा नंबर पुरला असता. सहावा येऊन बरोबरी झाली असती तरी हंटच विजेता ठरला असता, कारण त्या वर्षी त्याने सहा शर्यती जिंकल्या होत्या, लाउडाने पाच.

लोक म्हणतात, नंतर पाऊस थांबला, ट्रॅक सुकला, थोडा दम धरला असता तर? हे शेवट माहीत असलेल्यांचं बोलणं झालं. दुसऱ्या फेरीत पुढची गाडी दिसत नसताना ते कुणाला ठाऊक? आणि तो एकटाच थांबला नव्हता. दोन वेळचा विश्वविजेता फिटिपाल्डी थांबला, पाचे थांबला, पर्किन्स थांबला. त्यांना कुणी भित्रं म्हणत नाही.

हंटचं मोल यात कमी होत नाही. सुकत्या ट्रॅकवर त्याचे पावसाळी टायर झिजून गेले, शर्यत संपत आली असताना टायर बदलायला पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यात, यावं लागलं, पाचव्या जागेवर घसरला, तिथून दोघांना मागे टाकून तिसरा आला. आपण जिंकलोय हे त्याला गाडीतून उतरेपर्यंत कळलं नव्हतं.

पण मला सगळ्यात मोठी वाटते ती लाउडा गाडीतून उतरल्यानंतरची गोष्ट. फेरारीचे तांत्रिक प्रमुख फोर्घिएरी त्याला म्हणाले, आपण इंजिन बिघडलं असं सांगू. लाउडाने साफ नकार दिला.

तीन वर्षांपूर्वी अशाच एका रात्री केरीच्या वर मी पिकअप कडेला लावली आणि उजाडेपर्यंत आत बसून राहिलो. पुढचं वळण दिसत नव्हतं, हात थरथरत होते. भाजी मार्केटात उशिरा पोचली, व्यापारी सगळ्यांसमोर ओरडला. मी म्हणालो, टायर पंक्चर झाला होता. घाबरलो हे सांगायला जीभच वळली नाही, आणि तिथे ऐकणारे होते पाच-सहा जण. लाउडाकडे सगळं जग बघत होतं, इंजिनचं कारण आयतं पुढे आलं होतं, आणि त्याने ते घेतलं नाही.