ग्रीक-लॅटिन ग्रंथ मुळातून आणि इंग्रजी भाषांतरासह ऑनलाइन फुकट कुठे वाचता येतील?

टफ्ट्स विद्यापीठाच्या 'पर्सियस डिजिटल लायब्ररी'पासून सुरुवात करा. मूळ मजकूर, भाषांतर आणि शब्दकोश तिथे एकत्र मिळतात. शब्दावर क्लिक केलं की त्याचं व्याकरण आणि अर्थ उघडतो. पण एकाच रूपाची दोन-तीन विश्लेषणं निघत असतील, तर यंत्राने पुढे केलेलं पहिलं उचलू नका. वाक्य बघून ठरवा. साइट रखडली तर मजकुरासाठी 'स्काइफ व्ह्यूअर', शब्दांसाठी शिकागो विद्यापीठाचं 'लोजियन'. प्राचीन गावं नकाशावर शोधायला 'प्लेयडीज'.

संदर्भ पान क्रमांकाने शोधू नका, तो आवृत्तीगणिक बदलतो. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस 3.102 (म्हणजे तिसरा खंड, 102वा परिच्छेद) एवढं दिलं की भारतातल्या सोनं उकरणाऱ्या मुंग्यांचा उतारा कुठल्याही आवृत्तीत सापडतो.

एक मर्यादा मात्र आहे: फुकट मिळणारी भाषांतरं बहुतेक कॉपीराइट संपलेली, म्हणजे जुनी असतात. भाषा बोजड, आणि अश्लील वाटलेला भाग गाळलेला किंवा सौम्य केलेला. मूळ मजकूर आणि समोर इंग्रजी भाषांतर छापणाऱ्या 'लोएब' मालिकेतल्या रोमन कवी मार्शलच्या 1919च्या आवृत्तीत तर अशा कविता इंग्रजीऐवजी चक्क इटालियनमध्ये छापल्या आहेत! अर्थावर वाद असेल तिथे नवं भाषांतर ग्रंथालयातूनच मिळवावं लागेल.