स्क्रीनवरच्या गुणांवर जाऊ नकोस

डिस्लेक्सिया (वाचन-लेखन शिकण्यातली अडचण) असलेल्या मुलांना संगणकावरचा सराव आवडतो, हे तुला पहिल्याच दिवशी दिसेल. पण स्क्रीनवरचे गुण पुष्कळदा खेळ कळल्यामुळे वाढतात. म्हणून या सरावाने वाचन-लेखन खरंच सुधारतं का हे तपासायचं, तर सुरू करण्याआधी कागदावर मोजून घे: मिनिटाला किती शब्द बरोबर वाचले, वीस शब्दांच्या श्रुतलेखनात कुठे अडलं.

शब्दांच्या याद्या दोन कर, एक सरावातली, दुसरी मुलाने कधी न पाहिलेली. 'गमुटी', 'भिरोल' असे निरर्थक शब्दही घाल, ते पाठांतराने वाचता येत नाहीत. माझ्याकडचा चौथीतला एक मुलगा सरावातला 'सूर्य' झटकन लिहायचा. 'कार्य' सांगितलं की 'कारय'. रफार त्याला कळलाच नव्हता, त्याने शब्दाचं चित्र पाठ केलं होतं. प्रोग्राममध्ये मात्र शाबासकी!

तुलनेसाठी तेवढाच वेळ नेहमीच्या पद्धतीने शिकणारा दुसरा गट हवाच. त्यांनाही नंतर हा सराव दे, नाहीतर पालक चिडतात, आणि बरोबरच आहे त्यांचं.

आणि मुलांना हेडफोन लावून देऊन वह्या तपासत बसू नकोस. फिनलंडच्या युवास्कुला विद्यापीठातून आलेल्या 'ग्राफोगेम' या वाचन शिकवणाऱ्या संगणकी खेळावरच्या अभ्यासांचा 2020 साली एकत्रित आढावा निघाला. शब्दवाचनात सरासरी फायदा जवळपास शून्य होता; मोठं माणूस सोबत बसून मदत करत होतं, तिथे मात्र तो दिसला. तेव्हा कोण शेजारी बसलं, किती मिनिटं, हेही रोज वहीत लिही.

सराव थांबल्यावर तीन महिन्यांनी त्याच याद्या पुन्हा काढ.