विद्यापीठाचं ऑनलाइन भरती पोर्टल दिव्यांग उमेदवारांना वापरता यावं म्हणून आधी काय दुरुस्त करावं?

अर्जाच्या फॉर्मपासून सुरुवात करा, मुखपृष्ठ नंतर. माउस बाजूला ठेवा आणि फक्त टॅब, शिफ्ट-टॅब, एंटर, स्पेस वापरून लॉगिनपासून 'सबमिट'पर्यंत जाऊन पाहा. फोकस, म्हणजे कीबोर्ड सध्या कोणत्या रकान्यावर किंवा बटणावर आहे, ते दिसेनासं झालं, तर बहुतेक वेळा सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये) फोकसची चौकट लपवणारं 'आउटलाइन: नन' सापडतं. ते काढा.

मग एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून तोच फॉर्म भरा. नुसता प्लेसहोल्डर, म्हणजे रकान्यातला फिकट सूचक मजकूर, टाइप करायला लागताच गायब होतो, म्हणून प्रत्येक रकान्याला खरं लेबल हवं आणि एचटीएमएल कोडमध्ये त्याचा 'फॉर' रकान्याच्या 'आयडी'शी जुळायला हवा. चुकीला फक्त लाल चौकट पुरत नाही. 'जन्मतारीख दिवस-महिना-वर्ष अशी लिहा' असा मजकूर रकान्याखाली द्या, कोडमधल्या 'एरिया-डिस्क्राइब्डबाय' या गुणधर्माने तो रकान्याशी जोडा आणि फोकस पहिल्या चुकीवर न्या. तारीख टाइपही करता आली पाहिजे.

सगळ्यात जास्त नुकसान सेशन टाइमआउटमुळे, म्हणजे ठरावीक वेळाने आपोआप लॉगआउट झाल्यामुळे होतं. स्क्रीन रीडरवर किंवा एका बोटाने टाइप करणाऱ्याला वेळ लागतो, आणि प्रकाशनांची यादी भरता भरता सगळं पुसलं जातं. प्रत्येक टप्प्यावर मसुदा आपोआप जतन करा. वेळ संपण्याआधी इशारा द्या, त्यावर कृती करायला किमान २० सेकंद द्या आणि एका कळीने मुदत वाढवू द्या, निदान १० वेळा.

चित्रातली अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा काढूनच टाका. जाहिरातीची स्कॅन केलेली पीडीएफ स्क्रीन रीडरला कोरीच दिसते. तो मजकूर एचटीएमएल पानावरही द्या. साध्या मजकुराचा कॉन्ट्रास्ट (अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं प्रमाण) किमान ४.५:१ ठेवा.